कार्बनमधून न उमटलेल्या दोन रेघा

माझ्या पहिल्या जपानी साहेबांनी मला पहिल्या दिवशी एकच सूचना केली. त्यांचं आडनाव नाकाशिमा. मी अदबीनं कमरेत वाकून त्यांना 'नाकाजिमा सान' म्हणाले. सान म्हणजे आपलं राव, साहेब, ताई, सगळं एकातच. ते थांबले, खिशातली पेन्सिल काढली, माझ्या वहीवर आपलं आडनाव सुट्या अक्षरांत लिहिलं आणि 'शि'च्या उजव्या खांद्यावरच्या मोकळ्या जागेवर पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणाले, "इथे काही नाही. कृपया इथे काही ठेवू नका."

मी सत्तावीस वर्षं दुभाषी आणि भाषांतरकार म्हणून नोकरी केली. पिरंगुटच्या पलीकडे एका कारखान्यात जपानी यंत्रं होती, त्यांच्याबरोबर जपानी माणसं येत आणि त्या माणसांबरोबर कागद येत. माणसांपेक्षा कागद जास्त. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता मारुंजीत राहते आणि हिंजवडीच्या कंपन्यांतल्या पोरापोरींना जपानी शिकवते. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं सांगणं आलं तेव्हा मला यंत्रं आठवली नाहीत, जपानच्या वाऱ्याही आठवल्या नाहीत. पेन्सिलीचं ते टोक आठवलं.

जपानी न येणाऱ्यांसाठी थोडं सांगते. त्यांच्या लिखाणात चित्राक्षरांच्या जोडीला उच्चाराची अक्षरं असतात, साधारण आपल्या बाराखडीसारखी. पण आपला क वेगळा आणि ग वेगळा. त्यांच्याकडे 'का'च्या उजव्या खांद्यावर दोन बारीक तिरक्या रेघा मारल्या की त्याचाच 'गा' होतो. 'ता'चा 'दा' होतो. 'सा'चा 'जाड'मधला 'जा' होतो. 'हा'चं जरा विचित्र आहे. त्याला दोन रेघा दिल्या की 'बा', आणि रेघांच्या जागी बारीकसं वर्तुळ दिलं की 'पा'. ह चा ब कसा काय होतो, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. फार पूर्वी तो ह म्हणजे प च होता म्हणतात. मी तेवढं सांगते आणि फळा पुसते.

शाळकरी मुलं या रेघांना तेनतेन म्हणतात, म्हणजे टिंबटिंब. पुस्तकी नाव दाकुतेन. त्यातल्या 'दाकु'चा अर्थ गढूळ. का, सा, ता हे नितळ आवाज. गा, जा, दा हे गढूळ.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते लागलं होतं. मी पौडच्या अलीकडच्या खेड्यातली. बौद्धवाड्यात वाढले, पुण्यात वसतिगृहात राहून शिकले. लोकांना वाटतं, बौद्ध म्हणून जपानी घेतली असणार. खरं कारण असं की जर्मनच्या वर्गात जागा शिल्लक नव्हती. वर्गात मी 'पानी' म्हणाले की मागच्या बाकावर हसू फुटायचं. त्यामुळे नितळ आणि गढूळ हे शब्द फळ्यावर आले तेव्हा मी मान खाली घालून स्वतःचं नाव तपासलं. सुनंदा गायकवाड. 'दा' गढूळ, 'गा' गढूळ, शेवटचा 'ड' जपानीत 'दो' होतो, तोही गढूळ. आम्हाला शिकवणाऱ्या बाई जपानच्या खेड्यातल्या होत्या. त्यांनी काय ओळखलं कुणास ठाऊक. म्हणाल्या, गढूळ म्हणजे घाण नव्हे, भाताची लावणी गढूळ पाण्यातच होते. ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, पण वर्गाला सांगितलं ते बरं झालं.

पुढे याच रेघांनी माझं हसंही केलं. जपानच्या मुख्य कचेरीत पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकावरचा रखवालदार नाव पुकारून ओळखपत्रं देत होता. मी अर्धा तास बसून राहिले. शेवटी फाटकाजवळच्या खोलीत मी एकटीच उरले, तेव्हा तो माझ्यासमोर येऊन कळवळून म्हणाला, "काइकुवातो सान?" ते मीच होते. जुन्या संगणकात या रेघांना अक्षराशेजारी स्वतंत्र घर लागे, आणि घरं कमी पडली की पहिली गदा रेघांवर. गाइकुवादोच्या दोन्ही जोड्या गळाल्या आणि काइकुवातो उरलं. चार दिवस मी त्याच नावानं हिंडले.

आणि माझ्या वर्गातला एक मुलगा जपानमध्ये कंपनीच्या खाणावळीत पाण्याची बाटली हातात धरून वाढणाऱ्या बाईंना विचारत होता की, याचं डुक्कर कुठे आहे. फुता म्हणजे झाकण, बुता म्हणजे डुक्कर. बाईंनी शांतपणे त्याला झाकण आणून दिलं.

या गोष्टी मी वर्गात सांगते. पुढची आजवर एकदाही सांगितलेली नाही.

नाकाशिमा सान दर वर्षी दोन-तीनदा यायचे. मोठ्या दाबाच्या प्रेस यंत्रांचे ते जाणकार. मितभाषी, उंच, हातरुमालाला इस्त्री केलेली. दिवसभर यंत्राशी बसायचे आणि संध्याकाळी दिवसाचा अहवाल हातानं लिहायचे. त्या अहवालाचे कागद तिपेडी असत, मध्ये कार्बन. वरची प्रत कारखान्याच्या तांत्रिक विभागाला, दुसरी जपानला आणि तिसरी, सगळ्यात फिकी, भाषांतरासाठी माझ्याकडे. भाषांतरकाराला सगळ्यात फिकी प्रत द्यायची हे कुणी ठरवलं माहीत नाही. मीही कधी तक्रार केली नाही. मला फिकं वाचता येतं याचा मला थोडा तोराच होता.

त्या प्रेसवर पहिल्या पाळीला नामदेव असायचा. कोळवणचा, घरची भातशेती, वय तेव्हा पस्तिशीचं. यंत्राच्या आवाजावरून त्याला त्याचं दुखणं कळायचं. नाकाशिमा सान आले की दुभाष्याला फारसं काम उरायचं नाही, कारण ते दोघं बोटांनी आणि पान्यांनीच बोलायचे. नामदेवचा सोबती रमेश, शेजारच्या वाडीचा, शेजारच्याच प्रेसवर. दोघं एकाच मोटारसायकलवर कामाला यायचे आणि एकाच डब्यात जेवायचे.

एका भेटीच्या शेवटच्या दिवशी नामदेवच्या प्रेसचा एक व्हॉल्व्ह गळायला लागला. नाकाशिमा सानांनी सकाळी तो आवळला, दिवसभर इतर कामं केली, संध्याकाळी अहवाल लिहिला आणि विमानतळाकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसखाली तेलाचं थारोळं झालं होतं. रमेश त्यावरून घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. मी नऊला पोचले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. मॅनेजर साहेब माझ्या टेबलाशी उभे होते आणि टेबलावर ती फिकी प्रत होती. शेवटच्या दोन ओळी काय आहेत ते आत्ता सांगा, म्हणाले.

मी वाचलं आणि सांगितलं. "व्हॉल्व्ह आवळला. पुन्हा गळतो आहे."

'पुन्हा' याला जपानी शब्द 'मता'. 'अजून' याला शब्द 'मदा'. अक्षरं तीच. फरक 'ता'च्या खांद्यावरच्या दोन रेघांचा. त्या फिक्या प्रतीवर मला 'मता' दिसलं.

या एका शब्दानं काय झालं ते सांगते. व्हॉल्व्ह आवळला आणि तो अजून गळतोय, याचा अर्थ व्हॉल्व्हच खराब आहे, बदलायला हवा होता. पण आवळला आणि पुन्हा गळतोय, याचा अर्थ मध्ये गळायचा थांबला होता. मग पुन्हा का गळला? कुणीतरी ढिला केला. त्या प्रेसवर दिवसभर कोण होतं? नामदेव. प्रेस बंद पडली की पाळीभर आराम, हे कारणही कुणालातरी लगेच सुचलं.

आठ दिवसांनी चौकशी झाली. मोठ्या टेबलाभोवती सातआठ माणसं होती. हात गळ्यात बांधून रमेशही आला होता. मला अहवाल वाचायला बोलावलं. मी आधी जपानी वाचलं, मग मराठी. नामदेव टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्यानं व्हॉल्व्हला हात लावला नाही असं चारदा सांगून झालं होतं. माझं वाचून झाल्यावर तो मॅनेजरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "म्याडम, त्यांनी तसंच लिवलंय का?"

मी म्हणाले, "हो."

माझ्या धंद्याचा पहिला नियम असा की शंका आली तर लिहिणाऱ्याला विचारावं. मला शंका आली नव्हती असं म्हणणं सोपं आहे. पण नाकाशिमा सान शेवटच्या ओळीत 'पुन्हा' लिहून खाली काहीच कारण न देता सही करतील, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. ते मला त्याच दिवशी खटकलं होतं. एक पत्र पाठवून विचारता आलं असतं. पण मॅनेजर साहेब टेबलाशी उभे होते, मी उत्तर देऊन मोकळी झाले होते, आणि एकदा दिलेलं उत्तर बदललं तर फिकं वाचणाऱ्या बाईंचं नाव काय राहणार? म्हणून विचारलं नाही.

नामदेवला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं. पुरावा पक्का नाही म्हणून नोकरी घेतली नाही, एवढंच. महिन्याभरात तो व्हॉल्व्ह बदलला गेला. तो का बदलावा लागला, हे कुणी विचारलं नाही. कारखान्यात नामदेवला 'ढिल्या' म्हणायला लागले. पॅकिंगच्या पोरांना मूळ गोष्ट ठाऊकही नव्हती, पण नाव ठाऊक होतं. मी कॅन्टीनमध्ये दोनदा ते ऐकलं. दीड वर्षानं त्यानं राजीनामा दिला. रमेशचं मनगट नीट जुळलं नाही, त्यानं त्याच्याही आधी नोकरी सोडली होती.

त्या चौकशीला नऊ वर्षं होऊन गेली. माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. कारखान्यातले जुने कागद स्कॅन करून रद्दीत घालायचं ठरलं आणि जपानी कागद कुठले ठेवायचे ते बघायला मला तांत्रिक विभागाच्या कोठीत बसवलं. तिसऱ्या दिवशी तो अहवाल हाताला आला. वरची प्रत, निळ्या शाईतली. शेवटच्या ओळीत 'ता'च्या खांद्यावर दोन रेघा होत्या. हलक्या, पेनाच्या टोकानं नुसत्या स्पर्श केल्यासारख्या. पण होत्या.

मी खाली माझ्या टेबलाशी आले आणि माझ्या फायलीतली फिकी प्रत काढली. तिच्यावर रेघा नव्हत्याच. मला क्षणभर हायसं वाटलं. मग मी तो कागद खिडकीशी नेला आणि तिरक्या उजेडात धरला. दोन बारीक खळगे दिसले. रंग उतरला नव्हता, पण दाब उतरला होता. नऊ वर्षांपूर्वी मी तो कागद असा धरला असता तर मला दिसलं असतं. माझी खुर्ची त्या खिडकीपासून चार पावलांवर होती.

हल्ली फोनचा कॅमेरा कागदावर धरला की भाषांतर होतं. मी फिक्या प्रतीवर फोन धरून पाहिला. त्यानंही 'पुन्हा' असंच सांगितलं. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या टेबलाच्या टोकाशी उभं राहून नामदेवनं फोनला नव्हतं विचारलं.

मी नाकाशिमा सानांना पत्र लिहिलं. ते केव्हाच निवृत्त होऊन गावी राहत होते. झालेलं सगळं कळवलं आणि त्या ओळीची झेरॉक्स जोडली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, हातानं लिहिलेलं. त्यांनी 'अजून'च लिहिलं होतं. व्हॉल्व्ह बदलावा, असं निघताना, मी घरी गेल्यावर, ते सुपरवायझरला बोटांनी सांगूनही गेले होते, पण ते त्याला समजलं नसावं. आपण घाईत रेघा हलक्या काढल्या याबद्दल त्यांनी नामदेवची क्षमा मागितली होती, नाव घेऊन. दोन पानांच्या त्या पत्रात जिथे जिथे रेघा होत्या तिथे त्यांनी पेन इतकं दाबलं होतं की कागद उलटा केला तर त्या बोटाला लागत होत्या.

मी भाषांतरातली चूक म्हणून एक टिपण तयार केलं. मूळ ओळ, मी केलेलं भाषांतर, बरोबर भाषांतर आणि खाली माझी सही. नवे मॅनेजर तरुण होते, सभ्य होते. त्यांचं म्हणणं पडलं की तो माणूस आता नोकरीत नाही, ते साहेबही नाहीत, शेवटच्या आठवड्यात तुम्ही स्वतःला का त्रास करून घेता. मी म्हणाले, आवक शिक्का मारून एक प्रत मला द्या, बाकी काही नको. त्यांनी शिक्का मारायला लावला. निरोपसमारंभात त्यांनी माझ्या अचूकपणाबद्दल चार शब्द सांगितले. ते ऐकताना मला कुठे बघावं कळेना.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी पौडला जाऊन मी कोळवणची एस.टी. धरली. नामदेवचं घर शोधायला लागलं नाही. नाव काढल्यावर 'मोटारवाला नामदेव का?' म्हणत कंडक्टरनंच कुठे उतरायचं ते सांगितलं. खोऱ्यात आता शहरातल्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत, त्यांच्या विहिरींवरच्या, टाक्यांवरच्या मोटारी तोच दुरुस्त करतो. मी गेले तेव्हा तो अंगणात पोत्यावर एक मोटार उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून उठला.

"गायकवाड म्याडम न्हवं?"

मी बसले. पाणी आलं. घरून निघताना मी काय बोलायचं ते नीट जुळवलं होतं, शुद्ध, व्यवस्थित वाक्यांत. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही. जे आलं ते माझ्या आईच्या भाषेत आलं.

"नामदेव, तवा मी चुकीचं वाचलं. त्यांनी 'पुन्हा गळतंय' न्हवतं लिवलं. 'अजून गळतंय' लिवलं हुतं. तू वॉल ढिला केला न्हवता. चूक माझी हाय."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही. तो मोटारीकडेच बघत होता. मग म्हणाला, "दावा." मी दोन्ही प्रती दिल्या. निळ्या प्रतीवर रेघा दाखवल्या, फिक्या प्रतीवर खळगे दाखवले. त्यानं हात फडक्याला पुसले आणि अंगठा त्या खळग्यांवरून फिरवला. यंत्राचा माणूस, त्याला माझ्याआधी लागलं.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"मी तुमाला इचारलं हुतं."

"व्हय. आन् मी हो म्हनले."

 मी माफी मागितली. त्यानं 'असू द्या' वगैरे काही म्हटलं नाही आणि ते बरंच झालं, कारण मी ते ऐकायला गेले नव्हते. त्यानं घरात हाक मारून बायकोला बोलावलं आणि मला म्हणाला, हिला परत सांगा, सगळं, पहिल्यापासून. सुमन चहाचं भांडं चुलीवर तसंच ठेवून बाहेर आली आणि उंबऱ्यात बसली. मी परत सांगितलं. रेघा परत दाखवल्या. तिनं कागद हातात घेतला नाही.

"मी बी इचारलं हुतं ह्यांना," ती म्हणाली. "खरं काय ते सांगा म्हून. दोनदा इचारलं."

"तीनदा," नामदेव म्हणाला.

सुमननं मान खाली घातली. आत चहा उतू गेल्याचा वास आला तरी ती उठली नाही. शेवटी नामदेवच आत गेला आणि भांडं उतरवून आला. त्यानंच आम्हा दोघींना चहा आणून दिला.

निघताना मी त्याला नाकाशिमा सानांच्या पत्राचं मराठी करून आणलेलं दिलं आणि शिक्क्याची प्रत दिली. कंपनीकडे काही मागायचं असेल तर मी साक्षीला येईन, म्हणाले. त्यानं नको म्हणून मान हलवली. कंपनीत त्याला आता रस नव्हता. एकच गोष्ट हवी होती.

"ह्यो कागद रमेशला दावा. त्यो नऊ वर्सं माझ्याशी बोलत न्हाई. मी गेलो तर दार लावून घेतो. त्याला वाटतं, त्याचा हात म्या मोडला."

रमेशला शोधायला फार लांब जावं लागलं नाही. नामदेवनं सांगितलं, तो मारुंजीतच भाड्याच्या खोलीत राहतो, घरं बदलणाऱ्यांचं सामान टेम्पोतून वाहतो. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. चौकात टेम्पो उभे असतात तिथे मी दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी सापडला. त्यानं मला ओळखलं नाही. चौकशीत वाचणारी बाई म्हटल्यावर ओळखलं, आणि त्याचा चेहरा बंद झाला.

टेम्पोच्या पायरीवर कागद ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता तेव्हा डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होता. सवयीनं, त्याला कळतही नसावं. ऐकून झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मला अनपेक्षित होता.

"त्यानं पाठवलं का तुमाला?"

मी म्हणाले, पाठवलं त्यानं, पण कोळवणला मी आपणहून गेले होते.  तो, रागानं नव्हे, खरंच विचारावं तसं म्हणाला, "मंग आता मी कुनावर राग धरू? इतकी वर्सं त्याच्यावर धरला. तुमच्यावर धरू का?"

"धर," मी म्हणाले. "माझ्यावर धरला तर बरोबरच हाय."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात त्याला गिऱ्हाइकाचा फोन आला, एक कुटुंब महाळुंग्याच्या नव्या इमारतीत राहायला चाललं होतं. त्यानं कागद घडी करून डॅशबोर्डवरच्या कप्प्यात टाकला, टेम्पो सुरू केला आणि गेला.  तो माझ्यावर राग धरून आहे की नाही, मला आजही माहीत नाही.

नंतर बरेच महिने काही कळलं नाही. मी नव्या वर्गाला अक्षरं शिकवत होते. आता मी पोरांना रेघा दाबून काढायला लावते. संगणकावर लिहिणारी पोरं, त्यांना वाटतं बाई जुन्या वळणाच्या आहेत. शंका आली तर विचारायचं, हेही सांगते. उत्तर देऊन झाल्यावर शंका आली तरीही विचारायचं, हे जास्त वेळा सांगते.

भात काढणीच्या दिवसांत एका सकाळी नामदेवचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, कोरडा.

"म्याडम, रमेश येऊन गेला."

काय बोलला, असं मी विचारलं.

"काय न्हाई बोलला. टेम्पोत मोटार घालून आनलती. बिगाडलीया म्हनला, बघ जरा. म्या खोलली. आत काय बी बिगाड न्हवता. एक वायर काढून ठिवलेली हुती, हातानं."

"मग?"

"मंग काय. म्या त्याला काय बोललो न्हाई. सगळी मोटार खोलली, पुसली, परत भरली. दुपार झाली. सुमननं दोघांस्नी जेवाय वाढलं."

 मग तो म्हणाला, "फुडल्या ऐतवारी परत येतो म्हनलाय. दुसरी मोटार हाय म्हनं त्याच्याकडं."